विज्ञान मेळाव्याला निघालेल्या लेकरांना ऑनलाइन इंग्रजी: पैसा नेमका कशावर घालायचा?

पूर्णाकाठ (हिंगोली)

काल नांदेडकरांनी इथं लिहिलं की, मराठवाड्यातली मुलं आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्यांत दिसत नाहीत याचं एकमेव कारण इंग्रजी. तेव्हा जिल्हा नियोजनच्या नावीन्यपूर्ण योजनेतून निवडक विद्यार्थ्यांना ऑनलाइन स्पोकन इंग्लिशचा कोर्स घेऊन द्यावा. वाचून डोकं तापलं. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो, तालुका प्रदर्शनापासून वरपर्यंत मुलं घेऊन फिरतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपली मुलं इंग्रजीपर्यंत पोचतच नाहीत, त्याच्या आधीच गळतात. अमेरिकेतल्या आयसेफ या आंतरराष्ट्रीय विज्ञान मेळाव्याला नववी ते बारावीची मुलं जातात, भारताचा संघ आयरिस या आपल्या देशातल्या विज्ञान स्पर्धेच्या राष्ट्रीय फेरीतून निवडला जातो. तिथं परीक्षक बघतात की प्रश्न तुझा स्वतःचा आहे का, मोजमाप किती वेळा घेतलं, न जुळलेल्या आकड्यांचं काय केलंस. आणि आपल्या तालुका प्रदर्शनात काय असतं? थर्माकोलचा ज्वालामुखी, बाजारातून आणलेला सिरिंजवर चालणारा जेसीबी, ठिबक सिंचनाचं दरवर्षीचं मॉडेल. मूल पाठ केलेलं म्हणून दाखवतं, परीक्षक सही करतात, पुढचं टेबल.

आमच्या शाळेतल्या एका मुलीनं तुरीच्या रोपांना मडक्यातून झिरपणारं पाणी देऊन वाढ मोजली होती. कुंड्या घराच्या मागं, फूटपट्टी दोऱ्यानं काडीला बांधलेली, वहीत पेन्सिलीनं आकडे. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, कुंड्या इतक्या कमी का. पोर गप्प. मी मराठीत विचारताच वहीचं पान उघडून म्हणाली, "सर, दोन कुंड्या उंदरांनी उकरल्या, त्यांचं माप यात धरलं नाही. धरलं असतं तर सरासरी खोटी आली असती." संशोधन म्हणजे हेच! तो गुण कोणत्याही स्पोकन कोर्सात मिळत नाही.

आयसेफमध्ये मागणी केली तर दुभाष्याची सोय असते. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये प्रश्नपत्रिकाच मुलांच्या भाषेत करून देतात. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद 1993 पासून चालू आहे, तिथं मूल आपल्या भाषेत मांडतं. मग पैसा कंपनीच्या घशात कशाला? त्याच पैशात विद्यापीठातले, कृषी विद्यापीठातले संशोधक दर आठवड्याला अर्धा तास व्हिडिओवर बसवा आणि मुलांच्या वहीवर मराठीतून प्रश्न विचारू द्या.

नांदेडकर (सध्या पुणे)

सर, दुभाषी कुठल्या टप्प्यावर येतो ते तुम्ही सोडून दिलंत. तो येतो अंतिम फेरीत, स्टॉलवर. त्याआधी संशोधन आराखडा, फॉर्म आणि जास्तीत जास्त 250 शब्दांचा सारांश इंग्रजीतच द्यावा लागतो. तुमची तुरीची मुलगी दुभाष्यापर्यंत पोचणार कशी? तिची वही कितीही खरी असली तरी वरच्या फेरीत पहिला वाचला जातो तो सारांश.

मी जिल्हा परिषदेतच शिकलो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत सर्किट स्वतः जोडलेलं असून मला एक वाक्य बोलता आलं नाही. शेजारच्या मुलानं माझंच सर्किट बघून इंग्रजीत समजावलं आणि मार्क घेऊन गेला. त्या दिवसापासून "भाषा महत्त्वाची नाही" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. हे वाक्य नेहमी तीच माणसं बोलतात ज्यांचं काम मराठीत भागतं.

पूर्णाकाठ (हिंगोली)

भाषा महत्त्वाची नाही असं मी कुठं लिहिलंय ते दाखवा. पैसा कशावर आधी घालायचा, एवढाच माझा मुद्दा आहे.

कोयता ते कॉलेज (बीड)

तुमचं दोघांचं चालू द्या, पण आमच्याकडचं कॅलेंडर बघा एकदा. तालुका-जिल्हा प्रदर्शनं डिसेंबर-जानेवारीत. त्याच वेळी कारखान्यांचा गाळप हंगाम. ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या आसपास निघते, मायबाप फडावर, लेकरं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. घरातला एकुलता एक चांगला फोन बापाबरोबर जातो, कारण मुकादमाचे फोन त्याच्यावर येतात. रात्री आठचा ऑनलाइन क्लास कोण बघणार? मी तसाच शिकलोय, वसतिगृहातल्या बल्बखाली. योजना काढणाऱ्याला घरी वायफाय असतं, म्हणून त्याला ऑनलाइन म्हणजे स्वस्त वाटतं.

सेलूच्या मॅडम

इंग्रजी शिकवते म्हणून बोलते. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं विषय शिकूनही मुलाला स्वतःच्या प्रयोगाबद्दल चार वाक्यं बोलता येत नाहीत, याचं खरं कारण सेमी इंग्रजी. विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत, समजावणं मराठीत, उत्तर पाठ. मूल "फोटोसिंथेसिस" म्हणतं, पण पान सावलीत ठेवलं तर काय होईल विचारा, कोणत्याच भाषेत सांगत नाही. पटसंख्या टिकवायला शाळांनी सेमी सुरू केलं आणि विज्ञान आणि इंग्रजी दोन्ही बुडवलं.

लातूरचा बाप

मॅडम, हे बोलणं सोपं आहे. तुमची स्वतःची मुलं कुठल्या माध्यमात शिकली तेवढं सांगा. आमच्या गावात सेमी आलं म्हणून शाळा वाचली, नाहीतर इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसा दारापर्यंत येत होत्या. माझी मुलगी सेमीतून शिकली, आज बीएस्सीला आहे आणि तिला एकही शब्द अडत नाही. मास्तर लोकांनी सेमीला नावं ठेवायची आणि स्वतःची पोरं कॉन्व्हेंटला घालायची, हे लातूरमध्ये गल्लोगल्ली दिसतं.

सेलूच्या मॅडम

माझी दोन्ही मुलं मराठी माध्यमात, मी शिकवते त्याच शाळेत शिकली. यापुढं माझ्या घरावर येऊ नका. तुमची मुलगी हुशार आहे, आनंद आहे. पण एका हुशार मुलीवरून वर्गातल्या बाकीच्या चाळीस जणांचा हिशोब होत नाही.

जुना परभणीकर

माध्यमाचा वाद निघालाच आहे तर आपल्या भागाचा इतिहास विसरू नका. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झालं. पुस्तकांसाठी वेगळं भाषांतर खातं उभं केलं, विज्ञान, वैद्यक सगळं उर्दूत आणलं. म्हणजे देशी भाषेत उच्च विज्ञान शिकवता येतं, हे आपल्याच, म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्यात घडून गेलंय. मराठीत तेवढी मेहनत कोणी घेतली?

नांदेडकर (सध्या पुणे)

काका, आणि ती भाषा कोणाची होती? माझ्या आजोबांच्या घरी मराठी, शाळेत उर्दू. मराठी शाळा काढायला लोकांना झगडावं लागलं. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाचं राज्य गेल्यावर त्यांच्या उर्दूचा नोकरीला उपयोग उरला नाही, पुन्हा मराठी आणि इंग्रजी शिकत बसले. म्हणूनच म्हणतो, मुलाला जगाशी बोलायची भाषा वेळेवर द्या, नंतर दुप्पट किंमत मोजावी लागते.

जुना परभणीकर

तुमच्या आजोबांसारखेच हाल माझ्याही वडिलांनी काढले आहेत, मला शिकवू नका. माध्यमासाठी राज्यानं पुस्तकं, शब्द, माणसं यावर पैसा घातला, हा माझा मुद्दा. इंग्रजीसाठी तुम्ही घालताय काय, तर तीन महिन्यांचा व्हिडिओ कोर्स.

लातूरचा बाप

निजाम काढला की चर्चा संपली. मूळ प्रश्न मुलांना इंग्रजी द्यायचं की नाही हा आहे. द्यायचं. मॅडमच्या घराचं बोललो ते मागं घेतो, सेमीचं नाही.

कोयता ते कॉलेज (बीड)

मूळ प्रश्न पैशाचा आहे, दादा. शाळेत मुलांनी स्वतः प्रयोग करावेत म्हणून असलेल्या केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅबला पाच वर्षांत 20 लाखांपर्यंत मिळतात, मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या मुलाच्या खात्यात 10,000 येतात. पैसा येतोच. लॅबच्या खोलीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडं, आणि विज्ञानाचे सर बीएलओ म्हणून निवडणुकीच्या मतदार याद्या घेऊन गावात फिरतायत. मुलाशी बोलायला मोकळा माणूस कुठंय?

सेलूच्या मॅडम

हेच. स्पोकन कोर्सात मुलाला हॉटेलात जेवण कसं मागवायचं आणि मुलाखतीत ओळख कशी करून द्यायची हे शिकवतात. विज्ञान मेळाव्याला त्याचा उपयोग शून्य. मुलाला लागतं ते वेगळं: "मी हे असं मोजलं", "हे माप मी वगळलं, कारण", "याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही". अशी वाक्यं स्वतःच्या वहीवरूनच तयार होतात. मी दरवर्षी एक-दोन मुलांकडून आधी मराठीत सारांश लिहून घेते, मग तोच इंग्रजीत, वाक्य लहान ठेवून. पाठ करू देत नाही. मग मुद्दाम आडवे प्रश्न विचारते. पहिल्यांदा रडतात, नंतर माझ्याशी वाद घालतात. वाद घालायला लागलं की समजायचं, मूल तयार झालं. यासाठी अनुदान हवंच आहे मला, पण ते माणसाच्या वेळेसाठी.

पूर्णाकाठ (हिंगोली)

सारांश इंग्रजीत लागतो, हा नांदेडकरांचा मुद्दा मान्य करावा लागतो. मनाविरुद्ध करतोय, कारण उद्या हेच वाक्य दाखवून कोणीतरी कंपनीचं बिल मंजूर करून घेईल. माझी अट ठेवूनच मान्य: प्रश्न विचारणारा आधी विज्ञानाचा असावा, पहिली फेरी मराठीत व्हावी, आणि इंग्रजी मॅडम सांगतायत तसं वहीवरून यावं. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा उभी राहतेय, 2023 साली केंद्रानं 2,600 कोटींची मान्यता दिली. तिथं जगभरातले शास्त्रज्ञ येतील. त्यांना वाटेत भेटलेल्या पोरानं "गुड मॉर्निंग सर" म्हणून थांबू नये, तुम्ही इथं नेमकं काय मोजता असं विचारावं, एवढी माझी मागणी आहे.

नांदेडकर (सध्या पुणे)

आणि ते विचारणार इंग्रजीतच ना? ठीक आहे, कोर्स विकत घेण्याचा आग्रह सोडतो. पण "आधी विज्ञान, मग भाषा" या रांगेत भाषेचा नंबर कधीच लागत नाही, हे मी भोगलंय. दोन्ही एकाच वेळी चालू करा, आठवीपासून. निवड झाल्यावर तीन महिने नकोत.

कोयता ते कॉलेज (बीड)

आणि वसतिगृहात एक टॅब आणि एक माणूस द्या. ऑनलाइन असलं तरी समोर कोणीतरी बसलेलं लागतं, नाहीतर लेकरं कॅमेरा बंद करून झोपतात. आमच्या वसतिगृहाचं यंदाचं अनुदान अजून आलेलं नाही. कोणाची जिल्हा परिषदेत ओळख असेल तर आधी तेवढं बघा. टोळ्या पुढच्या महिन्यात निघतायत.