मदत हवी आहे: किमो चालू आहे, आबांना माशाचा वासही नको झालाय, काय करून घालू?

सुरंगीचा_वळेसर
नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचे आबा किमोवर आहेत, तीन झाल्या. तोंडाला चव म्हणून नाही, काहीही दिलं तरी म्हणतात गंजका खिळा चघळल्यासारखं लागतंय. त्यात कहर म्हणजे ज्या माणसाने जन्मभर दोन्ही वेळा मासे खाल्ले त्याला आता नुसता वास आला तरी उमासे येतात, आणि आम्ही राहतो हर्णैला, समोरच्या खळ्यात जवळा वाळत घातलेला, संध्याकाळी लिलाव सुरू झाला आणि वारा आमच्याकडे फिरला की संपलंच, मी वास कुठे कोंडून ठेवू? चार घास खातात आणि ताट सरकवतात. गूगल करा सांगू नका, केलंय, सगळीकडे तेच 'थोडं थोडं वारंवार खा'. नेमकं काय करून घालू ते सांगा आणि जरा लवकर, उद्या सकाळी परत तेच सुरू होणार आहे.

पेजेतला_खडा
वय किती? कॅन्सर कशाचा? औषध कोणतं? शुगर आहे का? तोंड आलंय का? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

अन्नपूर्णा_चिपळूण
अगं सोपं आहे, कुळथाची पिठी कर. लसणीची फोडणी, दोन आमसुलं, पातळसर ठेवायची आणि मऊ भातावर घालायची. माझ्या आईला टायफॉइड झाला होता तेव्हा महिनाभर हेच चाललं होतं. नाहीतर आटवल कर तूप घालून, सोबत पोह्याचा पापड. आजारी माणसाला आटवलीसारखं दुसरं काही नाही.

मालवणी_खाजा
अगो बाय, आटवल कसली, पेज दी तेंका. उकड्या तांदळाची, मीठ घालून, बाजूक लोणच्याची फोड. मासो नको तर नको, जा जाता ता खाव दे.

अन्नपूर्णा_चिपळूण
@मालवणी_खाजा पेजेत पोटाला काय लागणार हो, नुसतं पाणी. आटवलीत मूगडाळ तरी असते.

मालवणी_खाजा
तुमच्या आटवलीत डाळ? ती खिचडी झाली बाय.

ठाणेकर_मूळचा_दापोलीचा
बायकोची ब्रेस्टची किमो झाली २०२२ ला, त्यामुळे अनुभवाने सांगतो. गरम अन्नाचा वास जास्त सुटतो, म्हणून सगळं थंडगार द्या. फ्रिजमधलं दही, आईस्क्रीम, कोकम सरबत बर्फ घालून. बर्फाचे खडे तर दिवसभर चोखायला द्या, तोंडही येत नाही. आणि स्टीलचे चमचे बंद, प्लास्टिकचे आणा. लोखंडासारखी चव त्यानेच वाढते.

सुरंगीचा_वळेसर
@ठाणेकर आबा आयुष्यात चमच्याने जेवलेले नाहीत हो. पण थंडचं चांगलं सांगितलंत, आजच बर्फ लावते.
@पेजेतला_खडा वय ६७. शुगर नाही, बीपीची गोळी आहे. मोठ्या आतड्याचा आहे, ऑपरेशन झालंय. तोंड थोडं आलंय, त्याचं काही विशेष नाही. औषधाचं नाव फाईलमध्ये असेल, फाईल ह्यांच्याकडे आहे आणि हे बंदरावर गेलेत. पण औषधाचा आणि जेवणाचा काय संबंध, मला पदार्थ हवे आहेत.

देवराई_७२
लक्ष्मणफळाचा रस रोज सकाळी अनुशा पोटी. किमोपेक्षा कैक पटीने पॉवरफुल आहे, औषध कंपन्या सांगणार नाहीत. सावंतवाडीकडे झाडं आहेत, हवं असेल तर मी पाठवतो.

पेजेतला_खडा
आलं का लक्ष्मणफळ, मी वाटच बघत होतो. अहो ते प्रयोग लॅबमध्ये बशीतल्या पेशींवर केलेले, माणसांवर काही सिद्ध झालेलं नाही. आणि त्यांनी विचारलंय खायला काय देऊ, कॅन्सरवर औषध नाही विचारलेलं.

देवराई_७२
तुमच्यासारख्यांमुळेच आपलं पारंपरिक ज्ञान बुडालं.

पेजेतला_खडा
ते फळ मूळचं अमेरिका खंडातलं आहे. परंपरा कुणाची म्हणायची?

निळीशाई
थांबा थांबा. सुरंगी, बर्फ अजिबात देऊ नकोस, आधी फाईल बघ. आतड्याचा म्हणतेयस म्हणून लिहिते, मलाही तोच होता, आठ सायकल झाल्या. त्यात बहुतेक वेळा ऑक्सालिप्लॅटिन नावाचं औषध सलाईनमधून देतात आणि त्यानंतरचे काही दिवस गार काही चालत नाही. गार पाणी प्यायलं की घसा आवळला जातो, गार भांड्याला हात लावला तरी मुंग्या येतात. मी तर फ्रिज उघडायला हातमोजे घालायचे. ठाणेकरांच्या मिसेसना वेगळं औषध असणार, काही औषधांना बर्फ चांगलाच असतो, पण याला नाही.

सुरंगीचा_वळेसर
अगं बाई!! मग मागच्या किमोनंतर शहाळं दिलं होतं फ्रिजमधलं, तेव्हा गळा धरून बसले, श्वास घेता येत नाही म्हणाले, आम्हाला वाटलं हार्ट अटॅक, रिक्षा करून दापोलीला पळालो. तिथे ईसीजी नॉर्मल आला आणि घरी पाठवलं, गारचं कुणी विचारलंच नाही. ह्यांना फोन लावलाय. ऑक्सालिप्लॅटिनच आहे. दर तीन आठवड्यांनी ते, आणि घरी कॅपेसिटाबीनच्या, म्हणजे किमोच्याच, गोळ्या सकाळ-संध्याकाळ १४ दिवस.

ठाणेकर_मूळचा_दापोलीचा
मला काय माहीत. मी माझा अनुभव सांगितला.

निळीशाई
तुमचं चुकलं असं नाही म्हणत, औषध वेगळं आहे एवढंच.
सुरंगी, गोळ्या कशा देतेस? जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या असतात त्या.

सुरंगीचा_वळेसर
जेवतच नाहीत ना, म्हणून चहाबरोबर देते. कालपासून चहाही अर्धाच घेतात.

निळीशाई
मग हे आज कळव त्यांना, पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. फाईलवर डे-केअरचा, म्हणजे किमो देतात त्या विभागाचा, नंबर असतो. गोळ्या चहाबरोबर चालल्यात, तोंड आलंय, खाणं इतकं कमी, तिन्ही सांग. तोंड आल्याचं 'काही विशेष नाही' म्हणालीस पण त्या गोळ्यांवर ते विशेष आहे, कधी कधी गोळ्या काही दिवस थांबवतात. जिभेवर पांढरा थर आहे का तेही बघ, बुरशी असली तर तिचं औषध वेगळं, तिच्यानेही चव जाते. आणि वजन?

सुरंगीचा_वळेसर
५८ होतं, आता ५३. पांढरं आहे थोडं, मला वाटलं दुधाचं असेल.

अन्नपूर्णा_चिपळूण
तोंड आलंय तर बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू कर गं, सोबत फॉलिक अॅसिड. आमच्याकडे तोंड आलं की हेच देतात, चार दिवसात बरं.

निळीशाई
नको नको. कॅपेसिटाबीन चालू असताना फॉलिक अॅसिड स्वतःहून द्यायचं नाही, त्या गोळीचा त्रास वाढतो त्याने. मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं ते. डॉक्टरांना विचारूनच.

अन्नपूर्णा_चिपळूण
आम्ही काही सांगायचंच नाही का मग?

निळीशाई
अन्नपूर्णाताई, पिठी सांगा ना, पिठी हवीच आहे तिला. फक्त आमसूल आत्ता नको, आलेल्या तोंडाला झोंबेल. तोंड बरं झालं की आंबट उलट चांगलं, त्या गंजक्या चवीवर आंबटच चालतं.

सुरंगी, मी काय केलं ते लिहिते, यातलं तुला जमेल ते घे. जेवायच्या आधी चूळ: कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ. चमच्याचा प्रश्न नाही म्हणालीस पण ताट स्टीलचंच असेल ना, केळीच्या पानावर वाढून बघ. सगळं कोमट किंवा नुसतं निवलेलं, वाफ येणारं नको आणि गारही नको. फोडणी त्यांच्यापासून लांब कर, मागे पडवीत चूल असेल तर तिथे. आणि लिलावाच्या वेळेला जेवायला बसवूच नकोस, सकाळी खाडीवरून वारा असतो तेव्हा मोठं जेवण उरकून घे, संध्याकाळी पेजेवर भागव. मासे सुटले म्हणून प्रोटीन सुटायला नको. अंड्याची भुर्जी, मूगडाळीचे घावणे, नाचणीचं सत्त्व दुधात, भिजवलेल्या शेंगदाण्याची चटणी बिनमिरचीची.

पेजेतला_खडा
हर्णैला खाडी कुठेय? समोर सरळ समुद्र आणि किल्ला.

निळीशाई
बरं बाबा, जमिनीवरून येणारा वारा. सकाळचा.

ताम्हणी_कोकरू
बीपी आहे ना त्यांना, मग मिठाची चूळ कशी चालेल?

पेजेतला_खडा
थुंकायची आहे ती.

सुरंगीचा_वळेसर
@निळीशाई एक विचारायचं राहिलं. सलाईन झाल्यावर पहिले दोन दिवस चांगलं खातात, रात्री उठून डबे शोधतात, आम्हाला वाटतं सुधारले, आणि चौथ्या दिवशी एकदम ढेपाळतात. मी काही चुकीचं घालते का?

निळीशाई
नाही गं. उलटी होऊ नये म्हणून किमोबरोबर डेक्सामेथासोन देतात, ते स्टिरॉइड आहे, त्याने भूक लागते आणि झोप उडते. ते उतरलं की माणूस आपटतो. मी ते दोन दिवस दिवाळीसारखे वापरायचे, जे जाईल ते खाऊन घ्यायचे. जिभेवरच्या चवीच्या पेशी दर दहा-पंधरा दिवसांनी नव्या येतात, किमो भराभर वाढणाऱ्या पेशींनाच मारतं, म्हणून केस, तोंडाची आतली कातडी आणि चव, सगळ्यांवर एकदम संक्रांत. उपचार संपल्यावर येते परत. मला चहाची चव आधी आली, बांगड्याची सगळ्यात शेवटी, अडीच महिन्यांनी. आणि थर्मामीटर घरात ठेव. १००.४ ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री असेल तरी फोन करायचा. गाडी कुणाची न्यायची ते आत्ताच ठरवून ठेव.

कशेडी_घाट
गाडीवरून आठवलं, मुंबईला नेताना कशेडीच्या बोगद्यातून जा, घाटातली वळणं वाचतात, पेशंटला उलटी होत नाही. परळला उतरायची सोय हवी असेल तर विचारा, माहिती आहे.

ठाणेकर_मूळचा_दापोलीचा
त्यापेक्षा मंडणगडवरून म्हाप्रळ-आंबेत करा ना, हर्णैवाल्यांना जवळ.

कशेडी_घाट
जवळ असेल, पण रस्ता बघितलाय का? आजारी माणूस घेऊन नको.

मालवणी_खाजा
माणूस जेवना नाय आणि तुमी रस्ते मोजतास.

सुरंगीचा_वळेसर
अपडेट देते. काल डे-केअरला फोन केला, सिस्टरने सगळं लिहून घेतलं, मग डॉक्टरांचा फोन आला. गोळ्या सध्या थांबवल्यात, तोंडात लावायचं औषध दिलंय, पांढरं ती बुरशीच निघाली. सोमवारी बोलावलंय. चहाबरोबर गोळ्या दिल्या म्हणून ओरडले नाहीत, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

सोड्याची चूळ करतात, आधी 'हे काय नवीन खूळ' म्हणाले. केळीचं पान मात्र आवडलं, म्हणाले कुणाचं श्राद्ध आहे आज? मागच्या चुलीवर घावणे केले आणि नारळाचा रस, गूळ घालून, जायफळ-वेलची काही नाही, नुसता निवलेला. दीड घावणा गेला. पिठी अजून नाही, आमसुलाशिवाय पिठी म्हणजे आबांना अपमान वाटेल.

संध्याकाळी लिलाव सुरू झाला तेव्हा मी खिडक्या लावायला गेले तर म्हणाले, एक उघडी ठेव, आणि ह्यांना विचारत होते की सुरमई आज काय भावाने गेली. वास आल्यावर तोंडाला पंचा लावला, पण खिडकी लावू दिली नाही.

अन्नपूर्णा_चिपळूण
दीड घावणा म्हणजे चांगलं गं. रसात तांदळाची चिमूटभर पिठी लाव म्हणजे दाट होतो, पोटालाही राहतो.

मालवणी_खाजा
रसात पिठी?? आता मात्र हद्द झाली.

कोकणकन्या_एक्सप्रेस
नमस्कार, धागा आत्ताच बघितला. माझ्या काकांना बर्फाचा खूप फायदा झाला होता, देऊन बघा.

पेजेतला_खडा
वरून वाचत या.