मदत हवी आहे: जीपला पुढे डिस्क ब्रेक बसवले, ब्रेकचं पेडल खाली जातंय

राजेहो, यवतमाळकडची जुनी डिझेल महिंद्रा जीप, चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढे बोलेरोच्या डिस्क-कॅलिपर (कॅलिपर म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग) घरीच बसवल्या. मागे ड्रमच, मास्टर सिलिंडरही (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) जुनाच. बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर पेडल हलकं करणारा) नाही, पण अल्टरनेटरला व्हॅक्यूम पंप आहे.

आता पहिल्या दाबात पेडल खोल जातं, पंप केलं की वर येतं. सोडल्यावरही पुढची चाकं धरून राहतात, डिस्क तापते.

लांबच्या चाकापासून सुरुवात करून ब्लीडिंग केलं (लाइनमधली हवा काढली), ब्रेक ऑइल नवं डॉट ३. कॅलिपरचे हवा काढायचे निपल वरच्याच बाजूला आहेत, गळती नाही, मागचे लायनर ॲडजस्ट केलेत.

माझा संशय मास्टर सिलिंडरवर. ड्रमवाल्यात लाइनमध्ये थोडा दाब अडवणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कला सोडत नसावा. शिवाय कॅलिपरला ऑइल जास्त लागतं. मिस्त्री म्हणतो, "पंप मारत चालवा नं भाऊ!" कापूस भरून घाट उतरताना? गाडी उभीच ठेवली आहे.

सामान नागपूरहून एकाच फेरीत आणायचं आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा: बोलेरोचा टँडम (पुढच्या-मागच्या ब्रेकला वेगवेगळा दाब देणारा) मास्टर सिलिंडर बूस्टरशिवाय टाकला तर पेडल दगडासारखं होईल का, की दोन्ही सोबतच घ्यावे? आणि मागच्या ड्रमच्या लाइनला तो व्हॉल्व्ह वेगळा लावावा लागतो का?