माथेरानला तीन दिवस : चार वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सोबत आजी. काय ठरवू?

ओवीची आई

नमस्कार मंडळी. भाऊबीज झाली की आम्ही पाच जण माथेरानला दोन रात्री राहायला जातोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्या ६८ वर्षांच्या आहेत. सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, चढ आला की गुडघे धरतात. पुण्याहून रेल्वेने यायचा विचार आहे.

नवऱ्याने पॉइंटांची यादी काढली आहे. चौदा नावं आहेत! ती बघूनच मला धडकी भरली. गेल्या वर्षी दुसऱ्या एका थंड हवेच्या ठिकाणी आम्ही असंच केलं होतं. दिवसभर जीपमध्ये चढा, उतरा, फोटो काढा, परत चढा. धाकटी दोनदा उलटी करून झोपून गेली. घरी आल्यावर मुलाला विचारलं, काय आवडलं सगळ्यात जास्त? म्हणाला, हॉटेलच्या मागच्या अंगणातली मांजर. तेव्हापासून मनात आहे की पुढची सहल मुलांच्या चालीने करायची.

तर मुलांना घेऊन गेलेल्यांनी सांगा. टॉय ट्रेनने नेरळपासून पूर्ण वर जावं का? घोड्यावर चार वर्षांच्या मुलीला बसवावं का? माकडांचं फार ऐकलंय, ते कितपत खरं? आणि संध्याकाळी सात वाजल्यानंतर मुलांचं करायचं काय?

---

रानवाटा

ताई, मांजरीचं वाचून बरं वाटलं, कारण तुमच्या मुलाने तुम्हाला उत्तर देऊन ठेवलंय. माझा थोरला तीन वर्षांचा होता तेव्हापासून आम्ही माथेरानला जातो. आता तो पंधरा वर्षांचा आहे, धाकटी दहाची. चौदा पॉइंट आमचे बारा वर्षांतही झालेले नाहीत आणि त्याचं काही वाटत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट आधी सांगते. माथेरानला मोटारी नाहीत. दस्तुरी नाक्याला गाड्या थांबतात, पुढे रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर मोटार नाही. आपल्याला हे नुसतं वाचून माहीत असतं. पण शहरातल्या चार वर्षांच्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर हात सोडून चालायला मिळतं, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. माझ्या मुलीने पहिल्या दिवशी दस्तुरीपासून शंभर पावलांवर माझा हात सोडला, दहा पावलं पुढे गेली आणि मागे वळून बघत उभी राहिली. मी ओरडेन म्हणून वाट बघत होती. मी काही बोलले नाही. मग ती जी पळाली! तुमची सहल खरं तर तिथेच सुरू होईल. पॉइंट नुसते निमित्त.

फक्त दोन गोष्टी मुलांना आधी शिकवून ठेवा. मागून घोडा येतो तेव्हा कडेला व्हायचं, आणि घोड्याच्या मागच्या पायांजवळ कधी जायचं नाही. आता ई-रिक्षाही आहेत. त्यांचा आवाज फारसा येत नाही, त्यामुळे वळणावर मुलांना जवळ घ्या.

टॉय ट्रेनबद्दल. नेरळ ते माथेरान साधारण २१ किलोमीटर, आणि त्याला दोन तासांहून जास्त लागतात. दोन फुटी रूळ, चढ अवघड आणि वळणं इतकी घट्ट की गाडीला वेग घेताच येत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ही सगळी मजाच आहे. त्याला एक वही द्या. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटरपाईप, अमन लॉज, माथेरान अशी स्टेशनांची नावं एकाखाली एक लिहून प्रत्येकाची वेळ टिपायला सांगा. वाटेत एकच बोगदा आहे, ‘वन किस टनेल’ म्हणतात त्याला, कारण तो आला म्हणेपर्यंत संपतो. हा रेल्वेमार्ग १९०७ साली सुरू झाला, अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी बांधला आणि पैसे त्यांच्या वडिलांनी, सर आदमजी पीरभॉय यांनी घातले. ‘एका घराने आख्खी रेल्वे बांधली?’ हा प्रश्न माझ्या मुलाने जुम्मापट्टीला विचारला होता आणि वॉटरपाईपपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.

पण चार वर्षांच्या मुलीला दोन तास अरुंद बाकावर बसवणं जड जातं. त्यात आजी. म्हणून मी सांगेन, वर जाताना नेरळहून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत या. तिथून जवळच अमन लॉज स्टेशन आहे, त्या शटलने माथेरान गाठा. वीसेक मिनिटांत तीच गाडी, तीच शिट्टी, तेच डुलणं मिळतं. पूर्ण गाडी हवीच असेल तर परतताना बघा, तेव्हा मुलं दमलेली असतात आणि खिडकीला डोकं टेकून झोपतात. टॅक्सीच्या घाटात धाकटीला पुढे बसवा, निघण्याआधी पोटभर खायला देऊ नका.

चाकांच्या बॅगा आणू नका. तांबडी माती आणि वर आलेले दगड, चाकं पहिल्या पन्नास पावलांत अडकतात. पाठीवरच्या पिशव्या आणा, जास्त असेल तर दस्तुरीला हमाल मिळतात. मुलांचे पांढरे मोजेही नकोत. त्या मातीचा रंग आमच्या घरात अजून एका टॉवेलवर आहे.

आता दिवसांचं. दिवसाला एकच मोठं चालणं ठेवा, तेही सकाळचं.

पहिल्या सकाळी शार्लोट लेक आणि तिथून इको पॉइंट. बाजारातून लहान पावलांनी तळ्यापर्यंत पाऊण-एक तास धरा. रस्ता झाडीतून जातो, सावली असते. तळ्याचं पाणी गावाला प्यायला जातं, त्यामुळे पाण्यात उतरायचं नाही, हे मुलांना निघतानाच सांगा. तिथे पोचल्यावर सांगितलं की रडारड होते. आजींना तिथेच बसू द्या. जवळ पिशारनाथाचं देऊळ आहे, माझ्या सासूबाई तिथे तासभर रमायच्या.

इको पॉइंटला दहाच्या आत पोचा. नंतर सगळेच ओरडत असतात आणि कुणाचा आवाज कुणाचा ते कळत नाही. आम्ही थोरल्याला मोबाईलवरचं स्टॉपवॉच दिलं होतं. टाळी वाजवायची, प्रतिध्वनी आला की थांबवायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पण तो जाऊन परत येतो म्हणून आलेली वेळ अर्धी करायची आणि ३४० ने गुणायचं. त्याची तीन वेळा तीन उत्तरं आली. एरवी गणिताला कंटाळणारा मुलगा ‘माझं बोट उशिरा दाबलं जातंय’ म्हणून अकरा वेळा टाळ्या वाजवत उभा होता. अकराही आकडे वहीत आहेत.

दुसऱ्या संध्याकाळी सनसेट पॉइंट. समोर प्रबळगड दिसतो. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत थांबू नका, सगळी गर्दी एकदम परतते, घोड्यांची धूळ उडते आणि झाडीत लवकर अंधारतं. प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःची बॅटरी द्या.

पॅनोरमा पॉइंट यादीतून खोडा. सुंदर आहे, पण बाजारापासून लांब आहे आणि सूर्योदयासाठी मुलांना पहाटे अंधारात उठवून नेण्याइतका नाही. तीन वर्षांनी जा.

कड्यावर मात्र हात घट्ट. जांभा दगड कडेला भुसभुशीत होतो. कठडा असेल तर कठड्याच्या आत, नसेल तर माझ्या कमरेला मुलाचा हात, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो पंधराव्या वर्षीही चालू आहे. रस्त्यावर हात सोडलेला असतो म्हणून इथे मुलं कुरकुर न करता धरतात, हे मी स्वतः पाहिलंय.

माकडांचं खरं आहे. हातात खाऊ, प्लॅस्टिकची पिशवी, उघडी बाटली काहीही नको. सगळं पाठीवरच्या पिशवीत, चेन लावून. मुलीच्या हातातलं बिस्किट माकडाने ओढलं तर ओढू द्या, खेचाखेची केली की ओरखडा निघतो. माकडाकडे टक लावून बघायचं नाही, दात दाखवून हसायचंही नाही, त्याला ते आव्हान वाटतं. चावलं किंवा ओरखडलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. ‘थोडंसंच लागलंय’ म्हणून थांबू नका. आणि खायला घालू नका, कितीही गोड पिल्लू असलं तरी. आपण घालतो म्हणूनच ती अंगावर येतात.

घोड्याबद्दल मी जरा कडक आहे. चार वर्षांच्या मुलीला एकटीला बसवू नका. नऊ वर्षांच्या मुलाला बसवा, पण घोडेवाले दादा लगाम धरून सोबत चालतील आणि घोडा पळवणार नाहीत, हे बसण्याआधी बोलून घ्या. हेल्मेट मागा.

---

जुळ्यांचा बाबा

रानवाटाताईंचं बरंचसं पटलं, पण एक सांगतो. सगळी मुलं झाडीत रमत नाहीत. आमची जुळी सात वर्षांची होती. पहिल्या दिवशी दुपारी दोघांनी ‘आता काय?’ चा घोषा लावला. माझी बायको त्यांना बाजारात घेऊन गेली. बंदुकीने फुगे फोडायची दुकानं, चिक्की, चपला, टोप्या. दोन तास मजेत गेले. मुलांना गर्दी, दिवे, आवाजही आवडतो, त्याला कमी लेखू नका. ओवीच्या आईंनी संध्याकाळचं विचारलंय, त्याला बाजार हेच उत्तर. पेमास्टर पार्कही जवळ आहे, धाकटीला तिथे खेळता येईल.

---

नेरळचा

मी इथलाच, म्हणून थोडी कामाची माहिती.

पुण्याहून येत असाल तर कर्जतला उतरा, तिथून मुंबईकडे जाणारी लोकल पकडून नेरळ. थेट नेरळला थांबणारी गाडी शोधत बसू नका.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. ऑक्टोबरच्या मध्यानंतर सुरू होते, पण कधी कधी रुळांच्या कामामुळे पुढे जाते. मध्य रेल्वे दरवर्षी तारीख जाहीर करते, ती बघूनच मुलाला वचन द्या. अमन लॉज ते माथेरान शटल पावसाळ्यातही चालते, तिचा भरवसा जास्त. दिवाळीच्या आठवड्यात नेरळच्या खिडकीवर फार लवकर रांग लागते. लहान मुलीला आणि आजींना त्या रांगेत उभं करू नका, एकानेच पुढे यावं.

दस्तुरीला नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो. सुटे पैसे ठेवा, वर नेटवर्क कधी असतं कधी नसतं. घोड्याचे आणि हमालांचे दर फलकावर लावलेले असतात, ते वाचून मग बोला.

आजींसाठी ई-रिक्षा बघा. माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. आमच्या गावचे लोक वर्षानुवर्षं त्या चढावर माणसं ओढत होते, त्यांच्या छातीचा भाता मी लहानपणापासून ऐकलाय. ई-रिक्षात बसलात तर चालवणाऱ्या दादांशी दोन शब्द बोला. त्यांच्यातल्या काहींनी आधी हातरिक्षाच ओढली आहे.

---

ओवीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला वाचायला दिलं. यादी चौदावरून तीनवर आली आहे! शार्लोट लेक–इको एका सकाळी, सनसेट एका संध्याकाळी, आणि तिसरा ‘वेळ मिळाला तर’ लुईझा पॉइंट. चाकांच्या बॅगा माळ्यावर परत गेल्या.

एक शंका. मुलीला मधूनमधून दम्यासारखा खोकला होतो. तांबड्या धुळीचं काय करू? आणि दुपारी दोन ते चार खोलीत काय?

---

रानवाटा

धुळीसाठी पहिलं काम डॉक्टरांकडे. निघण्याआधी दाखवून या, पंप किंवा औषध देत असतील तर ते हाताशी लागेल अशा कप्प्यात ठेवा, तळाशी नको. घोड्यांची रांग दिसली की पाच मिनिटं कडेला थांबून ती जाऊ द्या. मास्क ठेवा, पण चालताना लहान मुलं तो काढतातच, त्यामुळे वेळ बदलणं जास्त उपयोगी. सकाळी लवकर दव असतं, धूळ बसलेली असते. पाऊस नुकताच संपलेला असेल तर तुम्हाला मे महिन्यापेक्षा खूपच बरं जाईल.

दुपारसाठी एक जाडा कागद आणि जुना ब्रश घेऊन या. सकाळी येताना वाटेवरची मूठभर तांबडी माती कागदाच्या पुडीत आणायची, वाटीत थोड्या पाण्यात कालवायची आणि तिनेच रंगवायचं. घट्ट कालवली तर विटेसारखा रंग येतो, पातळ केली तर गव्हाळ. आमची धाकटी पाच वर्षांची असताना तिने त्या एका रंगात घोडा, गाडी आणि आजी काढली होती. आजींना पडलेली पानं कागदावर मांडायला बसवा. हिरडा, जांभूळ, अंजन ही झाडं त्यांच्या पिढीला नावाने माहीत असतात, मुलांना नसतात. माझ्या सासूबाईंनी हिरड्याचं एक वाळलेलं फळ उचलून ‘हे खोकल्याला देत असू’ म्हणून सांगितलं, तेव्हापासून मुलं प्रत्येक झाडाखाली त्यांनाच विचारत होती. फक्त तोडायचं काही नाही, पडलेलंच उचलायचं.

जुळ्यांच्या बाबांचंही ऐका, एक संध्याकाळ बाजाराची ठेवाच. पण दुसऱ्या रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांनी दिव्यांपासून थोडं लांब, मोकळ्या रस्त्यावर जाऊन दोन मिनिटं बॅटऱ्या बंद करा. मुलीला कडेवर घ्या, ती घाबरेल. काय काय ऐकू येतं ते मुलाला बोटांवर मोजायला सांगा, आणि मला इथे येऊन आकडा कळवा.