‘मों ओंक्ल’मधल्या स्वयंपाकघराचा प्रसंग मूकनाट्यात कसा बसवावा?

नेपथ्य४
झाक ताती यांच्या ‘मों ओंक्ल’ (१९५८) या फ्रेंच सिनेमात नायक यूलो बहिणीच्या यांत्रिक स्वयंपाकघरात शिरतो, तो प्रसंग आठ मिनिटांच्या मूकनाट्यात घ्यायचा आहे. एक नट, एक कपाट, एक पाण्याचा जग, एक ग्लास. तालमीत नट नुसता वेंधळा दिसतो, हसू फुटत नाही. कुठे चुकतंय? जग कशाचा घ्यावा? गॅरेजचा प्रसंगही जोडावा का?

विंगेतून
यूलोला वेंधळा केलंत, चूक तिथेच आहे. त्याच्या जुन्या घराच्या खिडकीचा प्रसंग पुन्हा पाहा. काच जराशी वळली की उन्हाचा कवडसा पिंजऱ्यावर पडतो आणि कॅनरी गाऊ लागते. काच हलली की गाणं बंद. यूलो काच नेमक्या कोनात आणून ठेवतो. कारण डोळ्यांना दिसत असलं की हा माणूस अचूक वागतो. बहिणीच्या घरात कारणच दडवलेलं आहे.

म्हणून कपाटाला मूठ किंवा कडी ठेवू नका. नटाने आधी जुन्या सवयीने कड चाचपावी, मग खालची बाजू. थांबावं. दुसऱ्याच कशासाठी हात वर जाताना कपाट उघडावं. मग तोच हात, तीच उंची त्याने मुद्दाम करून पाहावी. एवढ्याने तो विचार करतोय हे शेवटच्या रांगेलाही कळतं.

जगाचंही तसंच. पहिल्यांदा जग हातून पडतो आणि उसळतो. दुसऱ्यांदा यूलो तो मुद्दाम टाकतो, आणि खरं हसू या दुसऱ्या वेळेला आहे. चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद हवा, घाई नको. मग ‘इथलं काही फुटत नाही’ असा सरळ तर्क करून तो ग्लास टाकतो, आणि ग्लास फुटतो! त्यानंतर दोन सेकंद नटाने पापणीही हलवू नये.

प्रॉपर्टीवाला
जग जाड भिंतीच्या मऊ रबराचा किंवा सिलिकोनचा घ्या. कडक प्लॅस्टिक कमी उसळतं आणि कडेवर पडलं की तिरकं पळतं. कमरेच्या उंचीवरून, तळ खाली ठेवून सोडा. मंचावर गालिचा असेल तर उसळी मरते, पडायच्या जागेपुरता तो दुमडा.

खरी काच मंचावर फोडू नका, नट पुढे तिथेच वावरणार आहे. प्लॅस्टिकचा ग्लास ओट्यामागे ठेवलेल्या घडीच्या घोंगडीवर पडू द्या आणि फुटण्याचा आवाज विंगेतून द्या. आवाज देणाऱ्याने नटाच्या बोटांकडे पाहावं. बोटं सुटली की मनात ‘एक’ म्हणून कळ दाबावी. ग्लास दिसेनासा व्हायची वाट पाहत बसलात तर आवाज उशिरा येतो आणि प्रसंग पडतो. जगाच्या उसळीला टेबल टेनिसच्या चेंडूचा टणटणीत आवाज द्या. तातींच्या सिनेमात आवाज चित्रापेक्षा ठळक असतात, तेवढं धाडस करा.

रूपेरी
गॅरेज जोडू नका. त्या प्रसंगात यूलो नाहीच, त्याची बहीण आणि मेहुणा, म्हणजे आर्पेल नवराबायको, आत अडकतात. दाराला विजेचा डोळा आहे: एका बाजूने प्रकाशझोत, समोर तो टिपणारा फोटोसेल. झोत तुटला की दार चालतं. गाडीने तोडला की कुत्र्याने, हे सेलला कळत नाही. पाळलेला डॅक्सहुंड कुत्रा झोतातून जातो आणि दार बंद होतं. मग दाराच्या दोन गोल खिडक्यांत दोघांचे चेहरे दिसतात, आणि बाहेरची मोलकरीण झोत ओलांडायला विजेला घाबरते. (आजच्या गॅरेजमध्ये हाच डोळा उलट काम करतो. झोत तुटला तर बंद होणारं दार थांबतं.) कुत्रा, दार आणि तीन माणसं एका नटाला पेलणार नाहीत.

त्यापेक्षा सुरुवातीला कारंजं घ्या. फाटकाची घंटा वाजली की आर्पेलबाई बागेतल्या माशाचं कारंजं सुरू करतात. आलेला माणूस खास पाहुणा नसेल तर लगेच बंद. तुम्हाला फक्त दोन आवाज लागतील.

नेपथ्य४
म्हणजे घंटा, पाण्याचा फवारा, यूलो आत येतो, फवारा बंद?

विंगेतून
हो. फवारा हळूहळू मरू देऊ नका, नळ पिळल्यासारखा तोडा. भाऊच आलाय हे बहीण न दाखवताही कळेल.