[मराठी मंडळ यादी] इन्व्हिडियसमधून यूट्यूबचे व्हिडिओ चालत नाहीत

प्रेषक: ज्येष्ठ नागरिक कट्टा

नमस्कार मंडळी,

कट्ट्याच्या पानावर कीर्तनं, व्याख्यानं आणि पाककृतींचे दुवे आहेत. मध्येच जाहिराती नकोत आणि कुणाला खातं उघडावं लागू नये, म्हणून ते इन्व्हिडियसच्या (यूट्यूबचे व्हिडिओ आपल्या पानावर दाखवणारा मोफत प्रोग्राम) सार्वजनिक पानातून उघडतात. आता शोध चालतो, चित्रं दिसतात, पण व्हिडिओ लावला की ‘तुम्ही बॉट नाही हे सिद्ध करण्यासाठी साइन इन करा’ असं येतं. तीन वेगवेगळी पानं बदलून पाहिली, व्हीपीएन लावला, तरी तेच. काही उपाय आहे का?

---

प्रेषक: संकेतस्थळ गट

ताई, पानं बदलून उपयोग होणार नाही आणि व्हीपीएन तर आधी बंद करा. इन्व्हिडियस हा मध्यस्थ आहे. तुमच्यासाठी यूट्यूबकडे मागणी करतो तो त्याचा सर्व्हर, आणि तो बहुधा भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये असतो. एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरचा पत्ता) शेकडो जणांची मागणी गेली की ती यंत्राची वाटते. २०२४ च्या उत्तरार्धापासून अशा पत्त्यांवर यूट्यूबने जोरात बंदी घातली. व्हीपीएनचा बाहेर पडायचा पत्ताही बहुधा डेटा सेंटरचाच असतो, म्हणून तिथेही तोच संदेश.

भरीला पीओ टोकन आलं, म्हणजे मागणी खऱ्या ब्राउझरमधून आल्याचा पुरावा. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचं एक कोडं सुटलं की हा पुरावा तयार होतो, आणि तो नसेल तर व्हिडिओचा प्रवाह नाकारला जाऊ शकतो. इन्व्हिडियसने त्यासाठी ‘कम्पॅनियन’ नावाचा वेगळा प्रोग्राम काढला. ते पान चालवणाऱ्याने तो बसवला नसेल, तर तुम्ही सांगता तसंच होतं: शोध चालतो, व्हिडिओ नाही.

तेव्हा मध्यस्थच काढून टाका आणि मागणी घरच्या इंटरनेटवरून जाऊ द्या. विंडोज, मॅक किंवा लिनक्सवर फ्रीट्यूब हा यूट्यूब पाहण्याचा प्रोग्राम घ्या. सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘प्रिफर्ड एपीआय बॅकएंड’ (व्हिडिओ कुठल्या मार्गाने आणायचे ते) आहे, तिथे ‘लोकल एपीआय’, म्हणजे थेट यूट्यूबकडून, निवडा. त्याच पानावर बिघाड झाल्यास दुसऱ्या बॅकएंडकडे जाण्याचा पर्याय आहे, तो बंद ठेवा. नाहीतर लोकल अडलं की प्रोग्राम गुपचूप इन्व्हिडियसकडे वळतो आणि नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. चित्र धूसर दिसलं तर प्लेअरमध्ये ‘लेगसी’ऐवजी ‘डॅश’ फॉरमॅट लावा, कारण लेगसीत ३६०पीच मिळतं.

वर्गणी घेतलेले चॅनल पुष्कळ असतील, तर ‘सबस्क्रिप्शन’खाली आरएसएसवरून (नव्या व्हिडिओंची साधी यादी देणारी सोय) यादी आणण्याचा पर्याय सुरू करा. मागण्या हलक्या होतात आणि पत्त्यावर संशय येत नाही. त्यात प्रत्येक चॅनलचे शेवटचे १५ व्हिडिओच येतात आणि लांबी दिसत नाही. कट्ट्याला तेवढं पुरे.

अँड्रॉइड फोनसाठी न्यूपाइप हे तसंच अॅप. ते प्ले स्टोअरवर नाही, एफ-ड्रॉइड या मुक्त अॅप्सच्या दुकानातून घ्यावं लागतं. एफ-ड्रॉइडच्या मुख्य भांडारात नवी आवृत्ती काही दिवस उशिरा येते, आणि यूट्यूबने काही बदललं की नेमके तेच दिवस अडचणीचे. म्हणून न्यूपाइपचं स्वतःचं भांडार जोडा. आधीच मुख्य भांडारातलं बसवलं असेल तर दोन्हींची सही (अॅप कुणी बनवलं ते सांगणारी डिजिटल खूण) वेगळी असते, त्यामुळे नवी आवृत्ती वरून चढत नाही. आधी ‘बॅकअप’मधून याद्या बाहेर काढा, मग जुनं काढून नवं बसवा.

दोन्हीकडे एकच नियम: चालेनासं झालं की सेटिंग्ज उचकटण्याआधी आवृत्ती ताजी करा.

---

प्रेषक: मराठी शाळा

दादा, शाळा भरते त्या हॉलमध्ये वाय-फाय धड नाही. फाइल आधी उतरवून ठेवली तर?

---

प्रेषक: संकेतस्थळ गट

परवानगी असेल तरच. मूळ मंच सोय देत नसेल तर व्हिडिओ उतरवणं यूट्यूबच्या अटींत बसत नाही. आणि मराठीत मुलांसाठी मनापासून करणारी माणसं थोडी आहेत, जाहिरातीच्या उत्पन्नावर त्यांचं काम चालतं. कर्त्याला सरळ ईमेल करा. मूळ फाइल मिळाली तर ती उतरवलेल्या प्रतीपेक्षा स्वच्छही असते. हॉलमध्ये दाखवायची परवानगी त्याच ईमेलमध्ये मागा.

स्वतःचे किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे (कर्त्याने वापराची मोकळीक दिलेले) व्हिडिओ उतरवायला वायटी-डीएलपी हा प्रोग्राम आहे. तिथे लोक तीन ठिकाणी अडतात. १०८०पीचं चित्र (क्रमांक १३७) आणि आवाज (१४०) वेगवेगळे येतात. दोन्ही जोडणारं एफएफएमपेग बसवलं नसेल तर मुकं चित्र आणि सुटा आवाज अशा दोन फायली हाती लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून यूट्यूबसाठी डेनोसारखं जावास्क्रिप्ट चालवणारं साधनही सोबत लागतं, ते नसेल तर काही फॉरमॅट यादीतून गायब होतात. तिसरं, बॉटचा संदेश आला की खात्याच्या कुकीज देऊ नका, खातंच बंद होऊ शकतं. दोन व्हिडिओंमध्ये ५ ते १० सेकंदांचं अंतर ठेवा.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळाच्या संकेतस्थळावर आपलेच गणेशोत्सवाचे व्हिडिओ लावलेत, तिथे ‘एरर १५३’ येतो. तोही यातलाच प्रकार का?

---

प्रेषक: संकेतस्थळ गट

नाही. १५३ म्हणजे व्हिडिओ कुठल्या संकेतस्थळावर लावलाय हे प्लेअरला कळत नाही. आपल्या पानाचं रेफरर धोरण (कुठल्या पानावरून मागणी आली ते सांगायचं की नाही याची सेटिंग) ‘नो-रेफरर’ असणार. ते ‘स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन’ करा. १०१ किंवा १५० आला तर मालकाने व्हिडिओ दुसऱ्या संकेतस्थळावर लावायला (एम्बेडिंगला) मनाई केलेली असते. आपल्याच व्हिडिओला तो आला, तर यूट्यूब स्टुडिओत ‘एम्बेडिंगला परवानगी’ची खूण तपासा.

आपल्या कार्यक्रमांची एकमेव प्रत यूट्यूबवर असणं मात्र मला धोक्याचं वाटतं. मूळ फायली बाहेरच्या डिस्कवर हव्यातच. सेकंदाला ४ मेगाबिटच्या दराने तासाला १.८ जीबी, म्हणजे अडीच तासांच्या नाटकाला साडेचार जीबी. सगळ्यांना खुलं चालेल ते इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. स्वतःचा मंच हवा असेल तर पीअरट्यूब आहे, आपल्या सर्व्हरवर बसवायचा व्हिडिओ मंच. जागा परवडते, पण एकेक व्हिडिओ अनेक आकारांत बदलताना स्वस्त सर्व्हरचा प्रोसेसर तासन्‌तास अडकतो. १०८०पी आणि ४८०पी एवढेच आकार ठेवा. त्यात प्रेक्षक एकमेकांना तुकडे पुरवतात, म्हणून एकमेकांचे आयपी पत्ते दिसू शकतात. कुणाला ते नको असेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये बंद करता येतं.

ताई, शुक्रवारी लॅपटॉप आणि एचडीएमआयची केबल आणा. टीव्हीवर चित्र आलं आणि आवाज लॅपटॉपमधूनच आला, तर आवाजाच्या चिन्हावर जाऊन आउटपुट टीव्ही निवडा.