साष्टीतल्या अश्मयुगीन माणसांपासून समुद्र किती दूर होता?

प्रश्न – मालाडकर
साष्टी बेटावरील (आजची मुंबईची उपनगरे) कांदिवली परिसरातील गाळाच्या आणि गोट्यांच्या थरांत संशोधक के. आर. यू. टॉड यांना पुराश्मयुगीन (अश्मयुगाच्या सर्वांत जुन्या टप्प्यातील) हत्यारे मिळाली व त्यांवरचा त्यांचा लेख 1939 मध्ये प्रसिद्ध झाला. मार्वे, मनोरी या बाजूची सूक्ष्मास्त्रेही (त्यांनंतरच्या काळातील अगदी लहान दगडी हत्यारे) त्यांनीच नोंदवली. ही ठिकाणे आज समुद्राजवळ किंवा खाडीजवळ असल्यामुळे तिथली माणसे मासे आणि कालवांवर जगत असणार, असे आमच्या अभ्यासगटात गृहीत धरले जाते. हे कितपत ग्राह्य मानावे?

उत्तर – गाळाचे थर
आजचा किनारा त्या काळावर लादणे मला मुळीच पटत नाही. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर आहे आणि तिथे पाण्याची खोली साधारण 75 मीटर आहे. म्हणजे त्या काळी तो भाग कोरडा होता आणि साष्टीच्या टेकड्यांवरून पश्चिमेला पाहणाऱ्याला समुद्र नव्हे, तर दूरवर पसरलेले सपाट मैदान दिसत असणार.

या मैदानाचा उतार फार मंद आहे, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वरच्या आकड्यांवरून ढोबळ हिशेब केला तर पाणी एक मीटर चढले की किनारा सरासरी दोन किलोमीटर आत सरकतो. बर्फ वितळण्याच्या वेगवान टप्प्यांत समुद्र शतकाला एक मीटरहून अधिक चढत होता, त्यामुळे आजोबांनी ज्या जागी शिकार केली तिथे नातवाच्या काळात खाजण (भरतीच्या पाण्याची दलदल) झाले असेल, हे सहज शक्य आहे. सुमारे 7,000 वर्षांपूर्वी ही चढण बरीच मंदावली आणि आजच्या किनाऱ्याला साधारण आकार येऊ लागला. त्यामुळे मनोरीच्या सूक्ष्मास्त्रांचा काळ ठरल्याशिवाय ती घडवणाऱ्यांना किनाऱ्याची माणसे म्हणू नये. पुराश्मयुगातील माणसांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे, कारण समुद्र त्याआधीही हिमयुगांबरोबर अनेकदा मागे गेला आणि पुन्हा आत आला.

उत्तर – बंदरकाठ
याचा एक पुरावा मुंबईच्याच पोटातून निघाला आहे. 1880 मध्ये जहाजांसाठी खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकसाठी आधी केलेल्या खोदकामात चिखलाखाली बुडालेले जंगल सापडले. त्यातील अनेक खोडे मुळांसकट, जागच्या जागी उभी होती आणि लाकूड खैराचे असल्याचे ओळखले गेले. खैर हे तिवरासारखे भरतीच्या पाण्यात वाढणारे झाड नाही, त्याला कोरडी जमीन लागते. म्हणजे जिथे पुढे जहाजे लागली, तिथे एके काळी रान होते.

उत्तर – गाळाचे थर
उदाहरण उत्तम आहे, पण ते जपून वापरावे. खैराचे रान बुडाले ते समुद्र चढल्यामुळे की त्या भागातील जमीन खचल्यामुळे, याविषयी मतभेद आहेत, आणि झाडे तिथे होती म्हणून माणसेही तिथे राहत होती असे ठरत नाही.

मालाडकर
मनःपूर्वक आभार. मग मनोरीच्या बाजूला पाहणी करताना नेमके काय पाहावे?

उत्तर – बंदरकाठ
अकीक, जास्पर आणि कॅल्सेडनी यांचे नखाएवढे छिलके (दगडावर घाव घालून काढलेले पातळ तुकडे), आणि ज्यावरून लांबट पाती काढल्याच्या समांतर खुणा दिसतात असे छोटे गाभे (छिलके काढल्यावर उरलेले दगड). हे दगड आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांतच तयार होतात, त्यामुळे चकचकीत तुकडा दिसला एवढ्यावरून ते हत्यार ठरत नाही. घाव बसलेल्या जागी येणारा फुगवटा छिलक्यावर आहे का, हे आधी तपासा. त्याबरोबर शिंपल्यांचा थर आहे का, हेही पाहा, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळण्याची शक्यता आहे. मात्र भरतीने आणून टाकलेले शिंपले आणि माणसाने खाऊन टाकलेले शिंपले यांत गल्लत होऊ देऊ नका. काहीही उचलू नका. जागेवरच मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या, कारण थरापासून सुटलेल्या तुकड्यावरून त्या वेळी समुद्र कुठे होता हे कोणालाच सांगता येणार नाही.