क्रेप मर्टल दरवर्षी खांद्याइतकं छाटावंच लागतं का?

पारिजात_अंगण: खिडकीसमोर गुलाबी क्रेप मर्टल आहे. खिडकी झाकते म्हणून माळीदादा दरवर्षी ते खांद्याइतकं छाटतात. मग लांबलचक फोक फुटतात आणि पाऊस पडला की घोसांच्या भाराने जमिनीला टेकतात. पानांवर पांढरी भुकटीही दिसते. काय करू?

मातीत_हात: छाटणीआधी जागेचा विचार करा. आपल्या ताम्हणाच्याच कुळातलं हे झाड. काही जाती तीन ते पाच फुटांत थांबतात, तर पांढऱ्या फुलांची ‘नॅचेझ’ वीस फुटांच्याही वर जाते. उंच जात खिडकीशी लावली की कात्री कायमची मागे लागते. नवं घेताना रंग नंतर बघा, आधी पूर्ण वाढीची उंची विचारा.

फुलं त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात, म्हणून मुंडलेलं झाडही फुलतं आणि मुंडणं गरजेचं आहे असा समज होतो. पण त्यात खोडाचं रूप जातं हो! जुनी साल पापुद्र्यांनी सुटते आणि आत गुळगुळीत, दालचिनी रंगाचं खोड निघतं. पानं गळल्यावर मी तर तेच बघत बसते.

आता प्रत्येक ठुंठावर बाहेरच्या बाजूचे दोन-तीन दणकट फोक ठेवा, बाकीचे ठुंठालगत कापून काढा. हे थंडी सरताना, नवी फूट यायच्या आत. बुडाचे फुटवे आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्याही तेव्हाच काढा. एवढ्यावर आकार सावरतो, फक्त दोन-तीन वर्षं धीर धरा.

उन्हाळी_बहर: भुकटी म्हणजे भुरी, पानांवरचा बुरशीचा रोग. दिवसाला सहा तास तरी ऊन आणि मोकळी हवा हवी. नवीनच लावणार असाल तर संकरित जाती बघा. ‘नॅचेझ’ ही अमेरिकेच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षोद्यानाने १९७८ मध्ये आणलेली. जपानी फौरिएई जातीच्या संकरामुळे तिच्यावर भुरी कमी येते.

पारिजात_अंगण: आभार! खालची पानं चिकट, काळपट झालीत. तीही भुरीच का? आणि खत?

मातीत_हात: नाही, तो मावा, रस शोषणारी बारीक कीड. त्याच्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. नत्राचं खत आवरा, त्याने पाला माजतो, फुलं घटतात आणि कोवळ्या फुटीवर मावा आणखी येतो. पहिला बहर ओसरल्यावर हाताला येतील तेवढी हिरवी बोंडं खुडलीत तर दुसरा बहर मिळेल. शिडी लावून वर चढायची गरज नाही.